आधी बोर्ड उलटा करून बघा

पावसाळा सरला की सोलापुरातली ओळखीची पोरं विचारायला येतात, गोव्याला सर्फिंग शिकायला जायचंय, कुठला किनारा बरा? किनाऱ्याचं मी नंतर सांगतो. आधी सांगतो ते हे, की भाड्याचा बोर्ड हातात आला की पाण्याकडे धावू नका. तो वाळूवर उलटा ठेवा आणि खालचे फिन, म्हणजे शेपटीकडची माशाच्या परांसारखी उभी पाती, नीट बघा.

आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर मला मिळालेला बोर्ड सारखा डावीकडे ओढायचा. लाट पकडून उभा राहिलो रे राहिलो, की याचं नाक वळलंच. भाड्याने देणारा म्हणाला, तुमचा पाय चुकतोय. सकाळभर मी पाय पुढेमागे करत राहिलो, मांड्या भरून आल्या. शेवटी शेजारी लाटेची वाट बघत बसलेली एक मुलगी माझ्याबरोबर किनाऱ्यावर आली, तिने बोर्ड पालथा केला आणि बाजूच्या दोन्ही फिनांवरून अंगठा फिरवला. दोन्ही उजवे होते.

तीन फिनांच्या बोर्डात मधला फिन सहसा दोन्ही अंगांनी सारखा फुगीर असतो. बाजूचे बहुधा तसे नसतात. त्यांचं बोर्डाच्या मध्यरेषेकडचं अंग सपाट आणि बाहेरचं फुगीर. पाणी वाहतं तेव्हा फिन फुगीर अंगाकडे ओढला जातो. डावा डावीकडे ओढतो, उजवा उजवीकडे, आणि बोर्ड सरळ राहतो. माझ्या बोर्डाचे दोन्ही फिन शेपटीला उजवीकडेच खेचत होते, मग नाक डावीकडे जाणारच. अशा वेळी पायांना दोष देऊन काय उपयोग? नवशिक्याला तर हे कळतही नाही, तो स्वतःला अडाणी समजून सर्फिंगच सोडून देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

बाजूचे फिन एकमेकांना समांतरही नसतात. त्यांची पुढची कड बोर्डाच्या नाकाकडे किंचित आत वळलेली असते आणि फिन काही अंश बाहेर कललेला असतो. गाडीच्या पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करतात, तसाच हा प्रकार. फिन बोर्डाच्या ज्या खाचेत बसतो, तिच्यातच हा कोन बऱ्याचदा ठरवलेला असतो. म्हणून खाचेभोवती भेग किंवा डागडुजीची खूण दिसली, तर शेपटीमागे बसून एक डोळा मिटून बघा. डावा-उजवा सारखे कललेले नसतील तर बोर्ड बदलून मागा, संकोच करू नका.

बोर्डाला फिन लावला तो अमेरिकेच्या टॉम ब्लेकने, 1935 साली. त्याआधी मागचा पाय पाण्यात घालून बोर्ड वळवावा लागे. आज सगळीकडे दिसणारी तीन फिनांची रचना रूढ केली ती ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने, 1980 नंतर.

आकाराचं गणित अनुभवाने कळतं. फिनचा पाया रुंद असेल तर बोर्डाला वेग आणि जोर मिळतो. फिन खोल असेल तर तो लाटेला धरून राहतो, शेपूट घसरत नाही. मागे जास्त झुकलेला फिन लांब, मोठी वळणं देतो. ताठ फिन चटकन वळतो. नवशिक्याने चटकन वळणाऱ्याच्या मागे लागू नये. लांब बोर्ड आणि मोठा फिन घ्यावा. लांब बोर्डावर मधला फिन खाचेत मागेपुढे सरकवता येतो. मागे सरकवला की बोर्ड स्थिर राहतो, पुढे घेतला की मोकळा वळतो. सुरुवातीला मागेच ठेवा.

स्वतःचा बोर्ड घेऊन सोलापुरात ठेवणार असाल, तर इथलं ऊन विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत प्लास्टिकचा फिन वाकतो, बोर्डावरचा थरही सुटू शकतो. वाकलेला फिन काढून कडक गरम पाण्यात धरावा, मऊ झाला की सपाट फळीवर दाबून सरळ करावा आणि लगेच गार पाण्यात बुडवावा. फायबरग्लासच्या फिनला हा उपाय करू नये.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक फिन हाताने हलवून बघा. हलत असेल तर स्क्रू घट्ट करा, पण फार पिळू नका, आटे जातात. वाळू अडकलेली असेल तर आधी गोड्या पाण्याने खाच धुवा. फिनची कड धारदार असते. पडताना बोर्डापासून लांब पडा, वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा. आणि स्क्रूची बारकी किल्ली स्वतःची ठेवा, किनाऱ्यावर ऐन वेळी ती कुणाकडेच नसते.