गिझरला टायमर लावावा का?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये असते, यंदाच्या हिवाळ्यात तिच्याकडे राहून आलो. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर बॉयलर आहे आणि पॅसेजमध्ये एक थर्मोस्टॅट. पहाटे आपोआप घर ऊबदार होतं, आपण उठेपर्यंत नळाला कढत पाणी. परत आल्यापासून ह्यांनी धोशा लावलाय, की आपल्या गिझरलाही टायमर आणि थर्मोस्टॅट लावून घेऊ. त्यानं बिल खरंच कमी येईल का? शेजारी तर म्हणतात, गिझर दिवसभर चालू ठेवलेलाच स्वस्त पडतो.
– एक वाचिका, चार इमली, भोपाळ

उत्तर : आधी शेजाऱ्यांचं. गिझर दिवसभर चालू ठेवणं स्वस्त पडत नाही. टाकीतलं पाणी तापून बसलं की ते निवत राहतं, थोडं निवलं की आतली कॉइल पुन्हा पेटते, आणि हे तुम्ही बाजारात असताना, दुपारी झोपलेल्या असतानाही चालूच असतं. पंधरा लिटरचा चांगला पंचतारांकित गिझर यात दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज घालवतो, जुना असेल तर युनिटभरसुद्धा. म्हणजे महिन्याला पंधरा ते तीस युनिटं, एकही तांब्या अंगावर न घेता.

तुलनेला आंघोळीचा हिशेब बघा. भोपाळच्या थंडीत टाकीतलं पाणी 18 अंशांवर असेल आणि गिझर ते 60 पर्यंत नेत असेल, तर पंधरा लिटरला साधारण पाऊण युनिट लागतं. दोन हजार वॉटच्या कॉइलला हे काम पंचवीस मिनिटांच्या आत जमतं. या पंधरा लिटरमध्ये गार पाणी मिसळलं, की 40 अंशांचं जवळजवळ अठ्ठावीस लिटर होतं. दोघांच्या दोन मध्यम बादल्या. म्हणजे दोन आंघोळींना जेवढी वीज, जवळपास तेवढीच जुना गिझर नुसता बसल्याबसल्या खातो.

आता टायमरचं. तुमच्याकडे कुणीतरी पहाटे बटण दाबत असेल आणि आंघोळ झाल्यावर न विसरता बंद करत असेल, तर टायमरनं बिलात फारसा फरक पडणार नाही. तो माणूस म्हणजेच तुमचा टायमर. बटण विसरणाऱ्या घरात मात्र टायमरची किंमत लवकर वसूल होते. शिवाय थंडीत पाच वाजता पांघरुणाबाहेर हात काढावा लागत नाही, हा फायदा कुठल्या बिलात दिसत नाही, पण ह्यांच्या मनात बहुधा तोच असावा.

थर्मोस्टॅट मात्र विकत आणू नका. तो तुमच्या गिझरमध्ये आहेच. लेकीकडचा थर्मोस्टॅट खोलीतली हवा मोजतो, कारण तिथला बॉयलर गॅसवर पाणी तापवून ते घरभरच्या रेडिएटरमधून फिरवतो. गिझरमधला थर्मोस्टॅट फक्त टाकीतलं पाणी मोजतो. काम एकच : ठरवलेली उष्णता झाली की वीज तोडायची, पाणी काही अंश उतरलं की पुन्हा जोडायची. टायमर आणि थर्मोस्टॅट एकाच वायरीवर एकामागोमाग असतात आणि दोघांची संमती असेल तरच कॉइल तापते. टायमर वेळ सांगतो, थर्मोस्टॅट माप.

खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट 1883 सालचं. ते घेणारे वॉरन जॉन्सन अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शिक्षक होते. शाळेचा शिपाई दर थोड्या वेळानं वर्गात येऊन गारठा किती ते बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करायचा. तासात सारखा येणारा हा व्यत्यय त्यांना नको होता. भोपाळमध्ये मात्र घर तापवण्याची गरजच पडली नाही. इथं रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला तरी दुपारी ऊन असतं. तापवायचं ते अंग. कमला पार्कजवळचा जुना हमाम आजही लाकडाच्या आगीवर तापतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंतच उघडतो. वर्षाचा टायमर म्हणा हवं तर.

तुमच्या गिझरच्या तळाशी किंवा पुढे थर्मोस्टॅटची चकती दिसत असेल तर ती 55 ते 60 च्या मध्ये ठेवा. पुष्कळ गिझर 75 वर लावलेले असतात. तिथून 60 वर आणलं तर टाकीतून वाया जाणारी उष्णता साधारण पावपट कमी होते आणि बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारही कमी धरतो. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून बादलीत आधी गार, मग गरम. त्याच वेळी काटकसरीच्या उत्साहात 40-45 वर आणून तेच पाणी दिवसेंदिवस टाकीत ठेवू नका. लिजिओनेला नावाचे जिवाणू कोमट पाण्यातच वाढतात आणि 60 च्या पुढे मरतात. चकती बाहेर नसेल तर झाकण स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा.

वायरमन आला की एक वाक्य कानावर पडू शकतं : ‘थर्मोस्टॅट गेलाय, डायरेक्ट करून देतो.’ त्याला तिथेच थांबवा. डायरेक्ट म्हणजे थर्मोस्टॅट वगळून वायर थेट कॉइलला जोडणं. पाणी लगेच तापतं, पैसेही कमी लागतात, पण आता ते थांबवणारं कुणी नसतं. थर्मोस्टॅटच्या जोडीला एक थर्मल कट-आऊट असतो, तोही अशा वेळी बहुतेकदा वगळला जातो. मग पाणी उकळतं, वाफेचा दाब चढतो आणि सगळी भिस्त टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर येते. तो व्हॉल्व्ह क्षारानं धरलेला असेल तर टाकी फुटू शकते. बंद टाकीत उकळतं पाणी म्हणजे काय, हे प्रेशर कुकर वापरणाऱ्या बाईला सांगायला नको. नवा थर्मोस्टॅटच बसवून घ्या.

टायमर घेताना अँपिअर बघा. दोन हजार वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तीन हजार वॉटचा तेरा. दुकानात मिळणारे स्वस्त स्मार्ट प्लग सहा किंवा दहा अँपिअरचे असतात. रोज तापून त्यांचं प्लास्टिक वितळतं. सोळा अँपिअरचाच घ्या. चकतीवर दर पाव तासाला एक असे 96 दात असलेला यांत्रिक टायमर टिकाऊ असतो, पण लाईट गेली की त्याचं घड्याळ थांबतं. तासभर वीज गेली तर दुसऱ्या दिवशी पाणी तासभर उशिरा तापतं. बॅटरीवाला डिजिटल टायमर हा घोटाळा करत नाही. पहाटे सव्वापाच ते सहा अशी वेळ लावा आणि आंघोळीला जाताना तो बंद झाला आहे ना, हे बघा. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय मात्र टायमरचा विचारही नको. क्वार्टर सरकारी असेल, तर वायरिंगला हात लावण्याआधी देखभाल करणाऱ्या विभागाला कळवा.

स्मार्ट मीटर असणाऱ्यांना एक मोह होऊ शकतो. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्क्यांनी स्वस्त असायला हवी. मग दुपारी तीनला पाणी तापवून सकाळी वापरावं का? नको. पाऊण युनिटावर वीस टक्के वाचले, म्हणजे जेमतेम दीड दशांश युनिटाचे पैसे. तेच पाणी चौदा-पंधरा तास टाकीत राहिलं, तर चांगला गिझरसुद्धा त्याच्या दुप्पट उष्णता घालवतो. दुपारी तापवलेलं पाणी संध्याकाळच्या भांड्यांना किंवा आंघोळीला वापरणार असाल, तर मात्र जरूर तापवा.

तेव्हा ह्यांना सांगा, टायमर आणा, सोळा अँपिअरचा, बॅटरीवाला. थर्मोस्टॅटचे पैसे वाचले, ते अर्थिंग तपासायला खर्च करा.