परगावी भाड्याची गाडी

श्रीशैलाच्या वाटेवर हैदराबादचा एक दिवस सहकुटुंब पाहावा, ही आमची तजवीज काही ऐनवेळी सुचलेली नव्हती. गाडीच्या मालकाला ती आम्ही मंद्रूप सोडण्यापूर्वीच ठिकाणे आणि वेळा यांसह सांगितली होती, आणि त्यानेही ‘मालक, तुम्ही निर्धास्त राहा, आपल्या पोराला हैदराबादची गल्ली न् गल्ली पाठ आहे’ असे आश्वासन दिले होते. पुढे जे घडले त्याचे खापर आमच्या भिडस्तपणावर फोडणारे हितचिंतक गावात आणि सोलापुरातही मला भेटले, म्हणून ही कैफियत सविस्तर मांडणे प्राप्त आहे.

आमचा क्रम विचारपूर्वक आखलेला होता. सोलापूरकडून येणाऱ्याला गोवळकोंडा शहराच्या पश्चिम अंगालाच पडतो. दक्षिणदिग्विजयास निघालेल्या शिवछत्रपतींनी १६७७ साली भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, ज्याची भेट घेतली, त्या अबुल हसन कुतुबशहाने पुढे दहा वर्षांनी जेथे औरंगजेबाच्या वेढ्यास सुमारे आठ महिने टक्कर दिली, जेथे फतेह दरवाजापाशी वाजवलेली टाळी वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते, आणि जेथील भक्त रामदासाची कोठडी पाहण्याची आईची फार दिवसांची इच्छा होती, तो किल्ला उन्हे चढण्याच्या आत पाहावा. दुपारी सालारजंग संग्रहालय, त्यानंतर चारमिनार, आणि चारच्या सुमारास शहर सोडावे, असे ठरले होते. या शेवटच्या अटीला सबळ कारण होते. श्रीशैलाचा रस्ता नल्लमलाच्या व्याघ्रप्रकल्पातून जातो आणि मन्ननूरच्या नाक्यावरचे फाटक रात्री नऊला बंद होते ते सकाळी सहालाच उघडते; त्या वेळेपुढे तेथे कोणाचीही विनवणी चालत नाही.

सकाळी मियापूरच्या लॉजवरून निघताना चालकाने पहिला बदल केला. ‘अण्णा, गोवळकोंडा एवढ्या लवकर उघडत नाही, आधी चारमिनार करू,’ असे तो ज्या सहजतेने म्हणाला, तिच्यात शंका घेण्यास यत्किंचितही जागा नव्हती. वस्तुतः किल्ला सकाळीच उघडतो. १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने उभारलेल्या त्या चार मिनारांसमोर आम्ही पुरते उभेही राहिलो नाही, तोच ‘आज्जीला ऊन सोसवणार नाही, ओळखीचं सरकारमान्य मोत्यांचं दुकान आहे, थंडगार जागेत बसवा, बघायला काय पैसे पडतात?’ असे म्हणून त्याने आम्हांला एका दुकानाच्या पायऱ्यांशी उतरवले आणि गाडी लावायची म्हणून तो निघून गेला. त्या दुकानातून शेजारच्या साड्यांच्या दुकानात, तेथून पुन्हा मागे, असे आमचे हस्तांतर होत राहिले. नकार दिला की मालकाऐवजी त्याचा भाऊ येई, भावाऐवजी चहा येई. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा गाडीत, आईची जेवणापूर्वी घ्यायची साखरेची गोळी गाडीत, आणि चालकाचा फोन बंद. ऐंशीच्या घरातील बाई घामेजून खुर्चीवर बसलेली असताना तिच्यापुढे मोत्यांचे सर ओतून दाखवणाऱ्या माणसांविषयी मला आजही संयमाने लिहिता येत नाही.

अखेर सुटका व्हावी म्हणून सौभाग्यवतीने कानातल्यांचा एक साधा जोड घेतला. पावतीसाठी मी गल्ल्यापाशी उभा असताना तेथल्या पोऱ्याने एक लांबट वही पुढे ओढली, पावतीची रक्कम तिच्यात उतरवली आणि तिच्यासमोर एमएच १३ने सुरू होणारा आमच्या गाडीचा क्रमांक लिहिला. तो क्रमांक मी सांगितला नव्हता. मला कोणी विचारलाही नव्हता. वरच्या ओळींत केए २८, केए ३२, पुन्हा एमएच १३. म्हणजे विजापूरच्या, कलबुर्गीच्या आणि आमच्याच जिल्ह्याच्या गाड्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे खरेदीची रक्कम व तिच्या शेजारी लाल शाईने लिहिलेली दुसरी, लहान रक्कम होती. गोवळकोंडा सकाळी का उघडत नव्हता, गाडी लावायला जागा का मिळत नव्हती, फोन का लागत नव्हता, या साऱ्याचा उलगडा त्या एका ओळीने झाला. आम्ही ज्याला भाडे देत होतो, तो त्या दिवशी दुसऱ्याच कोणाची चाकरी करीत होता.

पावती हातात पडल्यावर थोड्याच वेळात फोन लागला आणि गाडी दारात आली. मी वहीविषयी विचारले तेव्हा त्याने काच खाली करून थुंकी टाकली आणि ‘सगळेच करतात अण्णा’ एवढेच उत्तर दिले. सालारजंगमध्ये आम्ही जेमतेम त्या प्रसिद्ध घड्याळापाशी पोहोचलो. तासाचे ठोके देणारी आकृती मुलांनी पाहिली, पण बेंझोनीची अवगुंठित रिबेका आणि बाकीची सारी दालने राहून गेली. गोवळकोंडा तर राहिलाच. नऊचे फाटक गाठणे अशक्य झाल्याने रात्रही शहरातच काढावी लागली, आणि परतल्यावर मालकाने त्या रात्रीचा मुक्कामभत्ता व वाढीव दिवसाचे किमान तीनशे किलोमीटर आमच्याच नावे मांडले. मी हरकत घेतली तर म्हणतो, ‘मालक, गाडी फिरली काय न् थांबली काय, दिवस पडलाच की.’

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट लिहितो. दर किलोमीटरचा भाव, रोजचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल आणि परराज्याचा कर यांचा करार कागदावर घ्यावा. किलोमीटर मालकाच्या दारापासून मोजायचे की आपल्या, हेही त्यात असावे, कारण सोलापूरहून मंद्रूपला रिकामी येणारी गाडीही हिशेबात धरली जाते. निघताना किलोमीटरच्या काट्याचे छायाचित्र घ्यावे. ठिकाणांचा क्रम त्याच कागदावर उतरवावा आणि चालकामुळे झालेल्या विलंबाचा खर्च मालकाचा, हे कलम घालावेच. औषधे, पाणी आणि ओळखपत्रे गाडीत ठेवू नयेत. शुक्रवारी सालारजंग आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही बंद असतात, तेव्हा वार पाहून निघावे. शहरात गाडी लॉजवरच ठेवावी हे सर्वांत उत्तम. मियापूरहून मेट्रो थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत नेते आणि तेथून संग्रहालय रिक्षाने अगदी जवळ आहे. वृद्धांना सोबत घेताना घाई करू नये, आणि परमुलुखात गोड बोलणाऱ्यापासून सावध असावे, हे वडीलधारे सांगतात ते खरेच आहे.

मोती घ्यायचेच असतील तर जरूर घ्या. परंतु ते हैदराबादेत पिकत नाहीत हे ध्यानात असू द्या. पूर्वी ते इराणच्या आखातातून येत, आता बव्हंशी चीनमधील गोड्या पाण्यातले संवर्धित मोती येतात. हैदराबादेत त्यांना छिद्रे पाडून, निवडून, ओवून विकतात. पत्थरगट्टीच्या बाजारात स्वतःच्या पायांनी हिंडावे, अनेक दुकानांत भाव काढावा, पक्की पावती घ्यावी. चालकाने नेलेल्या दुकानात त्याचा वाटा तुमच्याच किमतीत मिळवलेला असतो.

मालकाच्या हिशेबातील मुक्कामभत्ता आणि वाढीव दिवस मी खोडला, खोडण्याचे कारण त्याच कागदावर लिहिले आणि स्वाक्षरीसह तो परत केला. ती रक्कम मी दिलेली नाही आणि देणार नाही. तुमची गाडी न सांगता एखाद्या दुकानाच्या पायऱ्यांशी थांबली, तर खाली उतरू नका. जागेवर बसूनच पुढच्या ठिकाणाचे नाव सांगा आणि गाडी हलेपर्यंत तेच सांगत राहा.