आईचा व्यवसाय

यंदा प्रवेशअर्ज भरताना एका रकान्यापाशी माझी लेखणी क्षणभरही अडखळली नाही. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'विणकर' असे लिहिले आणि 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'काही नाही'. घरी आले तेव्हा आई ओसरीवर रेशमाच्या कांड्या भरत बसली होती. त्या कांड्या भरल्याशिवाय वडिलांच्या मागावरची पैठणी एक बोटही पुढे सरकत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरीही मी, एका मुलीने, आईला 'काही नाही' ठरवले!

हे मला कोणी शिकवले? मुद्दाम असे कोणीच नाही. उघड अन्याय ओळखता येतो, त्याच्याशी भांडताही येते. परंतु नकळत मनात रुजलेला पूर्वग्रह सवयीचे रूप घेऊन येतो. पाहुणे भावाला विचारतात, "काय शिकतोस?" आणि मला म्हणतात, "चहा फक्कड झालाय." भावाच्या डोळ्यांत पाणी आले की त्यालाही ऐकावे लागते, "मुलीसारखा रडतोस काय?" म्हणजे या साच्यात मुलगी कोंडली जाते, तसाच मुलगाही.

'रीतच आहे' असे आपण म्हणतो. पण रीत बदलते, याची साक्ष आपले पैठणच देते. प्रतिष्ठान ही ज्यांची राजधानी, त्या सातवाहन घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे राजे आईच्या नावाने ओळखले जात. त्या काळी समानता होती, असा याचा अर्थ नव्हे. गादी पुरुषाकडेच जाई. परंतु आईचे नाव लावण्यात कमीपणा नव्हता. पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून, स्त्रियांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल केला. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव येते. नाव आले, कामाची नोंद केव्हा होणार?

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांची नोंद झाली. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. तरी 'विणकर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो!

यावर मला एक साधी कसोटी सुचली : अदलाबदल करून पाहणे. दिवसभर कांड्या वडिलांनी भरल्या असत्या, तर मी 'काही नाही' लिहिले असते काय? भावाने चहा केला असता, तर पाहुण्यांनी त्याच्या अभ्यासाची चौकशी सोडली असती काय? उत्तर 'नाही' आले, की आपला पूर्वग्रह आपल्याला सापडतो.

रात्री मी आईला अर्जाची हकिकत सांगितली. ती हसून म्हणाली, "अगं, कांड्या भरणं हे काय काम झालं होय?" मागावर बसलेले वडील मात्र मान वर न करता म्हणाले, "तिचा हात थांबला की माझा माग थांबतो. एवढं शिकलीस, तुला हे लिहिता आलं नाही?"

मित्रमैत्रिणींनो, पुढल्या वर्षी मी त्या रकान्यात 'विणकाम' असे लिहिणार आहे. तुम्ही काय लिहिले होते, ते एकदा आठवून पाहा.