आधी हायड्रोमीटरच घे

समीर, पहिली बिअर लावायच्या आधी मामाचं एवढं ऐक. दुकानात रिफ्रॅक्टोमीटर तुला भुरळ घालेल. दोन थेंब टाकायचे, डोळ्याला लावायचा, की आकडा हजर. तरी पहिली खरेदी काचेच्या हायड्रोमीटरचीच कर. गावी डेअरीवर दुधात लॅक्टोमीटर सोडतात ना, त्याचंच हे भावंड. इथे इंग्लंडात हलच्या जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये बिअर अशी मोजण्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासूनची ही पारखलेली रीत आहे.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तसतसा द्रव हलका होतो आणि हायड्रोमीटर खोल बुडतो. पाण्याच्या तुलनेत घनता सुरुवातीला १.०५०, शेवटी १.०१० आली, तर फरकाला १३१ ने गुणायचं: सव्वापाच टक्के. रिफ्रॅक्टोमीटर मात्र प्रकाश किती वाकतो ते बघतो, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा जास्त प्रकाश वाकवतं. म्हणून हीच तयार बिअर त्याच्या ब्रिक्स पट्टीवर, म्हणजे साखरेच्या टक्क्यांत, सहाच्या वर दिसते, म्हणजे सरळ हिशेबाने १.०२५ च्या आसपास. नवखा माणूस हबकतो, यीस्ट अडलं म्हणून आणखी यीस्ट टाकतो. दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण बाटल्या भरायचा निर्णय मी कधीच त्यांच्यावर सोडत नाही. साखर उरली असताना बूच लावलं, तर बाटली फुटते आणि काचा डोळ्यात जाऊ शकतात. दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही, मगच भर.

हायड्रोमीटर घेताना आतल्या कागदी पट्टीवरचं तापमान वाच. कुठे २० अंश सेल्सियस असतं, कुठे ६० अंश फॅरनहाइट. घरी आणलास की त्याच तापमानाच्या पाण्यात सोड. १.००० यायला हवं. १.००२ आलं, तर दर वेळी तेवढं वजा कर. नमुना घ्यायची नळी रुंद घे, काच भिंतीला टेकली की आकडा खोटा. सोडल्यावर एक गिरकी दे, चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलून धरतात. पाण्याची कड काचेवर चढते, तिच्याकडे बघू नकोस, सपाट भागाची रेघ वाच. मापलेला नमुना परत बादलीत ओतायचा नाही, चाखायचा. जीभ त्यानेच तयार होते.

पुढेमागे पाच-पाच लिटरच्या छोट्या बॅचेस करायला लागलास, तर प्रत्येक मापाला शंभरेक मिली जाणं परवडणार नाही. तेव्हा वर्ट, म्हणजे यीस्ट टाकण्याआधीचा गोड काढा, उकळत असतानाच्या मापासाठी रिफ्रॅक्टोमीटर जरूर घे. यीस्ट टाकलं की तो कपाटात.