जे आधी येईल ते

चिपळूण,
१२ मे

चि. सोनू हिस,


काल फोनवर तू विचारलंस, "मामा, चौदा महिन्यांत गाडी जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालली. सर्व्हिसिंग दहा हजारांवर आहे. मग आत्ताच कशाला?" बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघड. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलेलं असतं आणि पुढे, "जे आधी येईल ते". आपल्या लक्षात आकडा राहतो, हे चार शब्द निसटतात. तुझ्या गाडीचं वर्ष दोन महिन्यांपूर्वीच भरलं.

गाडी चालली नाही म्हणजे तिची झीज झाली नाही, असं आपल्याला वाटतं. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी इंजिनच्या ऑइलपर्यंत पोचते. लांबच्या प्रवासात ऑइल तापतं आणि ते पाणी उडून जातं. तू मात्र मंडईपर्यंत दोन किलोमीटर जातेस आणि परत येतेस. तेवढ्यात ऑइल तापतच नाही. पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यात साठतं, ऑइलचा कस जातो. म्हणून वर्षाला ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचेच.

ब्रेक ऑइलचं तर मी स्वतः भोगलं आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, गाडी उभी असली तरी. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. माझी जुनी गाडी आठ वर्षांत अठरा हजार किलोमीटर चालली होती. "किलोमीटर कुठे झालेत?" असं म्हणत मी ते ऑइल एकदाही बदललं नाही. कऱ्हाडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. वळणावळणाला ब्रेक दाबून ते तापले आणि अचानक पेडल खाली गेलं. ऑइल उकळून वाफ झाली होती. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. मागे तुझी आई बसली होती. त्या दिवसापासून दर दोन वर्षांनी मी ब्रेक ऑइल बदलतो.

बॅटरीचंही तसंच. उभ्या गाडीतही ती थोडी थोडी उतरते. रात्रभर थांबलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास हवा, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झाली. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होतं. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घे, दहाच्या पुढे वापरू नकोस.

आता दुसरी बाजू. काही भाग खरोखरच चालण्याने झिजतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांना अडीच हजार किलोमीटरमध्ये सहसा काही होत नाही. कोणी बदला म्हणालं, तर आधी भाग काढून दाखवायला सांग. एअर फिल्टरही बघूनच ठरव. उंदराने कुरतडला असेल, तर मात्र लगेच बदल. म्हणून एक वही कर आणि तिच्यात दोन रकाने आख, एक वर्षांचा, एक किलोमीटरचा. कोणतं काम कुठल्या रकान्यातलं, हे कळलं की टाळाटाळही होणार नाही आणि उगाच खर्चही.

आठवड्यातून एकदा गाडी चांगली अर्धा-पाऊण तास चालव. कोथरूडहून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलीस, तरी पुरे. पार्किंगमध्ये नुसतं इंजिन चालू ठेवून भागत नाही. टायर आणि ब्रेक जागचे हलत नाहीत आणि ऑइलही नीट तापत नाही. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असशील, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. हँडब्रेक ओढून ठेवलास, तर तो धरून बसतो.

यापुढे दरवर्षी मे महिन्यातच सर्व्हिसिंग करत जा. वायपर, ब्रेक, टायर पावसाआधी तपासून होतात आणि तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. यंदाचं याच आठवड्यात उरकून टाक. ब्रेक ऑइल कधी बदलायचं, ते आवर्जून विचार. श्रावणात तू आईला घेऊन इकडे येशील, तेव्हा वाटेत तोच घाट आहे.

तुझा,
मामा