सहावीतलं हाफ तिकीट

अकोले–संगमनेर गाडीतले मुरलेले कंडक्टर पोराचं वय विचारत नाहीत. ते विचारतात, "कितवीला रे बाळा?" आई "अकरा चालूये" म्हणेपर्यंत पोरगं छाती काढून "सातवी ब" सांगून मोकळं झालेलं असतं. मागच्या सीटवर खसखस पिकते, आणि आई पर्समधून उरलेले पैसे काढताना पोराकडे असं बघते, की घरी गेल्यावर त्याचं काही खरं नाही.

एसटीत 5 ते 12 वर्षं अर्धं तिकीट. सहा पूर्ण झाल्यावर पहिलीत घातलेलं पोरगं सहावीच्या वर्षात नाहीतर सातवीच्या तोंडाशी बारा पूर्ण करतं. त्यामुळे सहावी लागली की घरात टूम निघते: "याचे बारा व्हायच्या आत एकदा जाऊन येऊ." कुठं? तर शिर्डीचं वॉटर पार्क, नाहीतर खोपोलीजवळचं इमॅजिका. चौघांची तिकिटं, गाडीभाडं आणि आतलं खाणं म्हटलं की दुधाचा अख्खा पगार जातो. तेव्हा आईबाबांनो, तुमची ही घाई मला अजिबात गैर वाटत नाही. फक्त ती योग्य ठिकाणी करा.

कारण अशा पार्कांत बहुतेक ठिकाणी वयाला कुणी विचारत नाही. खिडकीजवळ पट्टी असते, तिथं पोराला उभं करतात. उंचापुरा दहा वर्षांचा फुल तिकिटात जातो आणि चणीनं लहान असलेला तेरा वर्षांचा हाफमध्ये बसतो. बारावा वाढदिवस गाठायला धावतपळत गेलात आणि पोरगं मागच्या दिवाळीपासून तीन बोटं वाढलेलं असलं, तर घाई फुकट. म्हणून निघण्याआधी घरीच भिंतीला टेकवून मापून घ्या आणि त्या पार्कचा नियम फोनवर विचारा. वयाचा हिशेब चालतो अशा ठिकाणी आणखी एक विचारा: बुकिंगच्या दिवसाचं वय धरता की येण्याच्या दिवसाचं? वर्षभराचा पास असेल तर हे आधी. तुमचा भाऊ अमेरिकेत असेल तर त्यालाही सांगा, तिथल्या डिस्नेच्या पार्कांत पोरगं दहाव्या वर्षीच मोठ्यांत मोजतात.

पट्टीजवळची गंमत मात्र बघण्यासारखी असते. वडील हळूच म्हणतात, "जरा गुडघे वाकव." पोरगं वाकतं. अर्ध्या तासानं तेच पोरगं मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत लागतं. तिथंही पट्टी, आणि आता तेच वडील म्हणतात, "टाचा वर कर, ताठ उभा राहा." हसू नका, यातला दुसरा सल्ला घातक आहे. पाळण्यात बसल्यावर छातीवर किंवा मांडीवर येणारा दांडा ठरावीक उंचीच्या अंगावर नीट बसेल असाच केलेला असतो. अंग लहान पडलं तर पोरगं सटकू शकतं. शिवाय पैसे वसूल व्हायचा विचार केला तरी हाफमधल्या पोराला बरेच मोठे पाळणे बंदच असतात. मग ते खाली उभं राहून मोठ्या भावाला हात हलवत बसतं. उंची काठावर असेल तर मी तरी एक वर्ष थांबेन, पूर्ण तिकीट काढीन आणि त्याला सगळ्यात बसू देईन.

दुसरं जरा मनातलं. अकरा-बाराचं पोरगं नुकतंच मोठं व्हायला लागलेलं असतं. आवाज फुटायला आलेला, बाबांची चप्पल पायात बसायला लागलेली. अशा वेळी भरल्या गाडीत "लहान आहे हो तो" म्हणणं त्याला किती लागतं, ते त्याच्या खाली गेलेल्या मानेकडे बघा. वाचणाऱ्या पैशात त्याची वह्या-पेनंही येत नाहीत. आपल्याकडे तर एकाच सीटवर दोन चमत्कार होतात: नातवाचं वय घटतं आणि आजोबांचं वाढतं! पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटी 2022 पासून फुकट आहे, आणि आजोबांची जन्मतारीख गुरुजींनी लिहिलेली 1 जून. त्यांची खरी तारीख त्यांनाही माहीत नाही, त्यांना माफ. नातवाचा दाखला मात्र दवाखान्यातून निघालाय.

मुलीच्या बाबतीत तर ही लपवाछपवी कशासाठी, तेच कळत नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धंच तिकीट आहे. बारा संपले तरी तिचे पैसे तेवढेच राहतात. भावाबहिणीत यावरून भांडण होईल, ते तुमचं तुम्ही मिटवा.

रेल्वेसाठीही बारा व्हायच्या आत जायची घाई नको. नाशिकरोडहून कुठं लांब जायचं आणि पोराला स्वतंत्र बर्थ हवा, तर 2016 पासून पाच वर्षांवरच्या मुलालाही पूर्णच भाडं पडतं. उलट अजिंठा, वेरूळ, दौलताबाद इथं पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना नाहीच. तिथं आठवी-नववीतही आरामात जा.

घाई करायचीच तर एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पाससाठी करा. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन प्रकार, आणि मुलांचा पास मोठ्यांच्या साधारण निम्म्यात. दिवाळीच्या सुट्टीत नकाशा त्याच्यापुढं टाका आणि गाड्यांच्या वेळा त्यालाच काढायला लावा: संगमनेरहून नाशिक, तिथून संभाजीनगर, वेरूळ, परत येताना शिर्डी. कुठं मुक्काम, कुठं दोन तास नुसतं स्टँडवर बसावं लागेल, ते त्यालाच शोधू द्या. चुकलं तर चुकू द्या, पुढची गाडी येतेच. पासाच्या मुदतीतच त्याचे बारा पूर्ण होत असतील तर आगारात आधी विचारून घ्या, आणि जाताना त्याचं आधार कार्ड विसरू नका.