पेढीवरील बिनतारी जाळे

कर्नाटकात २०१४ पासून बाजार समित्यांचे लिलाव संगणकावर येऊ लागले आणि उतारवयात आम्हांस पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. एकदा ऐन बोलीच्या वेळी बिनतारी जोडणी तुटली व कलबुर्गीच्या तुरीचा उत्तम माल हातचा गेला. दोष यंत्राचा नव्हता. राउटर आम्हीच लोखंडी तिजोरीमागे ठेविला होता. धातू व आपल्याकडील जाड दगडी भिंती लहरी अडवितात. म्हणून तो उंचावर, मध्यभागी ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झची गती अधिक, पल्ला कमी. परवलीचा मूळ शब्द प्रथम बदलावा; गिऱ्हाइकांस निराळी जोडणी द्यावी. तिजोरीची किल्ली आपण कोणाच्याही हाती देत नाही. आता खातेवहीही याच जाळ्यात आहे, हे व्यापारी बंधूंनी विसरू नये.